आबांची फायरवॉल

"ह्यो कोन?"

आबांनी माझ्या संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं होतं. कोपऱ्यात एक लाल चौकट उगवली होती आणि अमुक प्रोग्रामला इंटरनेटवर जायचं आहे, जाऊ द्यायचं की अडवायचं, असं इंग्रजीत विचारत होती.

"कुणी नाही आबा. गाणी वाजवायचा प्रोग्राम आहे."

"गानी तर हितं वाजत्यात. मंग ह्याला भाईर कशापायी जायाचंय?"

आयटी पार्कातल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामांमधल्या चुका शोधायचं काम मी करत होते, त्याचा पगार घेत होते, आणि गाण्याच्या प्रोग्रामचं बाहेर काय काम असतं हे मला ठाऊक नव्हतं. नवीन आवृत्ती आली का ते बघायला जात असेल, असं मी ठोकून दिलं.

"जाईना का. पन घरच्यास्नी सांगून जाया नगं?" असं म्हणत आबांनी माझ्याच माउसवर हात ठेवला आणि अडवायचं बटण दाबलं. मग खालच्या बारीक चौकोनात बरोबरची खूण केली. त्या खुणेचा अर्थ असा, की हे उत्तर कायमचं लक्षात ठेव, परत विचारायला येऊ नकोस. आबा ती खूण कधीही विसरत नसत. एकदा नाही म्हटलं की नाही, रोज उठून तेच काय विचारायचं, असं त्यांचं म्हणणं.

हे आबा म्हणजे हिंजवडीजवळच्या माण गावातले आमचे घरमालक. मी बार्शीहून नोकरीला आले तेव्हा आयटी पार्कचा पुढचा टप्पा बांधून होत होता आणि गावातलं प्रत्येक खळं, प्रत्येक गोठा खोल्या होऊ लागला होता. आबांनीही खळ्याच्या जागेवर दुमजली इमारत उठवली होती. वर आम्ही मुली, खाली मुलगे, आणि कडेच्या जुन्या कौलारू घरात आबा आणि काकू. भाडेकरूंची नावं पाठ करायचा त्रास त्यांनी कधी घेतला नाही. जो ज्या गावचा, तेच त्याचं नाव. मी बार्शी. माझ्या खालच्या खोलीतला उंच, सदा घाईत असणारा मुलगा जळगाव. "बार्शी, दूध उतू चाललंय तुजं," अशी खालून हाक आली की मी वरून धावत सुटायची.

फाटकाशी त्यांची प्लास्टिकची खुर्ची असे. राखणीला बसलेला माणूस रस्त्याकडे तोंड करून बसतो. आबा रस्त्याकडे पाठ करून, घराकडे तोंड करून बसत. मागून दलाल येवोत, सेल्समन येवोत, कुणाचे पाहुणे येवोत, आबा मान वळवत नसत. पण जिन्यावरून कुणी उतरू लागलं की त्यांचे डोळे त्याच्या पायांवर. कुठं निघालीस? कुणासंगं? माघारी कवा? सदऱ्याच्या खिशातले भाजलेले हरभरे एकेक तोंडात टाकत ते विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत फाटकाची कडी काढत नसत.

"येनाऱ्याला समदं जग इचारतंय," ते म्हणायचे. "जानाऱ्याला कोन इचारतंय?"

एकदा ऑफिसची बस चुकायची वेळ आली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आबा, मी तुम्हाला भाडं देते, हजेरी द्यायचं ठरलं नव्हतं."

"भाडं खोलीचं हाय. काळजी फुकाट हाय," आबा म्हणाले. "माघारी कवा?"

सात वाजता, असं सांगून मी पळाले. बसमध्ये बसल्यावर मला राग यायला हवा होता, आणि राग आलाही होता, पण त्यात काहीतरी वेगळंच मिसळलेलं होतं. आबांच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं. एक भावना धड सापडायची नाही.

इंटरनेटची टूम मात्र त्यांची स्वतःची. आम्ही मागितलं नव्हतं, आम्ही आपले ऑफिसमध्ये भागवत होतो. एक दिवस आबांनी जाहीर केलं की घरात ब्रॉडबँड येणार, स्वतःसाठीही एक संगणक येणार, आणि ज्या भाडेकरूला पाहिजे त्यानं राउटरमधून वायर ओढून न्यावी. ज्या माणसानं दूरचित्रवाणी संचावर बारा महिने फडकं टाकून ठेवलेलं, त्याला संगणक कशाला हवा, हे आमच्यापैकी कुणालाच कळेना. जळगाव म्हणाला, म्हातारा शेअर बाजारात उतरतोय. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

राउटर बसवायला आलेला तंत्रज्ञ बिचारा तासाभराचं काम म्हणून आला होता आणि त्याचा अख्खा दिवस गेला. त्यानं सहज सांगितलं, की आबा, काही काळजी करू नका, ह्या डबीतच भिंत असते, बाहेरचं कुणी आत येत नाही.

"आन आतलं भाईर?"

"आतलं जातं की. त्यासाठीच तर घेतलंय ना तुम्ही."

"कोन गेलं, कुटं गेलं, ही डबी इचारती का न्हाई?"

"नाही. आतल्यावर तिचा विश्वास असतो."

आबांनी हरभरा चावायचं थांबवलं. "आन आतल्या आतच एकानं दुसऱ्याच्या घरात हात घातला तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. शेवटी तो म्हणाला, की तेवढी भीती वाटत असेल तर प्रत्येक संगणकावर वेगळी फायरवॉल टाका. ती प्रोग्राम असते, प्रत्येक गोष्ट विचारते, डोक्याला ताप होतो, पण विचारते.

"इचारती ना? मंग झालं," आबा म्हणाले. "शिवेवर म्हसोबा हाय म्हून कोन घराला कडी लावायचं सोडतंय का? म्हसोबा म्हसोबाच्या जागी, कडी कडीच्या जागी."

आणि कायदा झाला. आबांच्या वायरीला ज्याला जोडायचं असेल त्याच्या संगणकावर स्वतःची फायरवॉल हवी, आणि तिनं पहिल्यांदा काही विचारलं की आबांना हाक मारायची. राउटरची रवानगी विजेच्या मीटरला असते तसल्या जाळीच्या पेटीत झाली. पेटीला कुलूप लागलं आणि कुलपावर दर शनिवारी लिंबू-मिरची. मी काकूंना विचारलं, काकू, कुलूप आहे तर लिंबू कशाला? काकू म्हणाल्या, "मला काय इचारती? लिंबाला कुलूप लावलं न्हाई हेच नशीब समज."

मग सुरू झाल्या त्या चौकटी. ज्यांनी तसली फायरवॉल वापरली असेल त्यांना माहीत आहे, पहिले पंधरा दिवस ती माणसाचे प्राण कंठाशी आणते. छापायचा प्रोग्राम बाहेर जाऊ म्हणतो, घड्याळ बाहेर जाऊ म्हणतं, कधी नावही न ऐकलेलं काहीतरी बाहेर जाऊ म्हणतं. प्रत्येक वेळी आबा जिना चढून येणार, खुर्ची ओढणार, आणि मी त्यांना त्या इंग्रजीचा अर्थ सांगणार. मी एकदाच सोपं करून सांगितलं होतं. लाल चौकट आली म्हणजे घरातलं कुणीतरी बाहेर जायला परवानगी मागतंय, डावं बटण म्हणजे जा, उजवं म्हणजे थांब. एवढं त्यांना पुरलं. पुढं ते वाचायला सांगेनासे झाले. चित्र बघायचे, हरभरा चावायचे, आणि फैसला करायचे. कशावरून कुणाला सोडत आणि कुणाला अडवत, ते मला कधीच उमगलं नाही. पत्त्यांच्या खेळाला बाहेर जायला परवानगी मिळाली आणि माझ्या बँकेला मिळाली नाही.

जळगावला हे सहन झालं नाही. राउटर आहे, मग दुहेरी ओझं कशाला, असं म्हणून त्यानं आपली फायरवॉल गुपचूप बंद करून टाकली. थोड्याच दिवसांनी हिंजवडीच्या एका कॅफेतून त्यानं पेनड्राइव्हवर सिनेमा आणला, आणि सिनेमाबरोबर फुकटात व्हायरसही आला. त्याच्या संगणकातून तो वायरीवरून शेजारच्या खोलीत गेला, तिथल्या मुलानंही जळगावचं बघून फायरवॉल बंदच ठेवली होती. राउटर आपल्या पेटीत हिरवे दिवे मिचकावत बसलेला. त्याच्या दृष्टीनं बाहेरून कुणी आलंच नव्हतं. माझ्या संगणकाची कडी लागलेली होती म्हणून मी वाचले, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

आबांना झालेला आनंद काय वर्णावा! "आळीतलाच निगाला का न्हाई?" असं ते येईल त्याला सांगत सुटले. इथवर ठीक होतं. पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की पेनड्राइव्ह ही चपलेसारखी बाहेर फिरून येणारी वस्तू आहे, तेव्हा ती घरात न्यायची नाही. फाटकाच्या खांबाला त्यांनी बिस्किटाचा रिकामा डबा बांधला आणि येताना सगळ्यांनी पेनड्राइव्ह त्यात टाकायचे असा हुकूम काढला. आयटी पार्कातून परतणारी शिकली-सवरलेली माणसं रांगेनं त्या डब्यात पेनड्राइव्ह टाकताहेत आणि म्हातारा पाठ फिरवून हरभरे खातोय, हे दृश्य मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं आणि तो नियम आपोआप बुडाला.

आबा शहाणे की खुळे, ह्यावर मी आणि जळगाव पुष्कळ वाद घालत असू. मी सकाळी एक बाजू घ्यायची आणि संध्याकाळी दुसरी.

आबांचा संगणक त्यांच्या माजघरात, उतरंडीच्या शेजारी मांडला होता. तो का आणला होता ते मला काकूंनी सांगितलं, तेही मला एक प्रोग्राम त्याच्यावर टाकून द्यायचा होता म्हणून. "त्वांड दिसतं बघ, त्यो. समोरच्याचं त्वांड दिसतं आन बोलाया बी येतं." तोंड कुणाचं बघायचंय, म्हणून विचारलं तर त्यांनी पदरानं आधी पडद्यावरची धूळ पुसली.

त्यांना एक मुलगा होता. आम्ही इतके महिने राहत होतो आणि हे आम्हाला माहीत नव्हतं. आबांचं वरचं रान, म्हणजे रस्त्यालगतचं शेत, एका बिल्डरला गेलं होतं, खालचं तेवढं उरलं होतं. व्यवहार आबांनी एकट्यानं केला, अंगठा आधी आणि घरात बोलणं मागनं. मुलाला कळलं ते उभ्या हरभऱ्यात बुलडोझर शिरला तेव्हा.

"रान इकलं म्हून त्यो रागावला न्हाई गं," काकू म्हणाल्या. "म्हनला, इकायचं तर इका, पन मला एका शबदानं इचारलं का? मी कोन हाय ह्या घरात? ह्यांनी उत्तर दिलं न्हाई. फाटकाम्होरं खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसले. आन त्यो मागल्या दारानं, गोठ्यातनं गेला निगून. ह्यास्नी पत्ता न्हाई. सांजच्याला जेवायला हाक मारली तवा कळलं."

तेव्हापासून खुर्चीनं तोंड फिरवलं होतं.

मुलगा सिंगापूरला क्रेन चालवत होता. काकूंना मधूनअधून फोन करायचा, घरातल्या त्या जुन्या तबकडीच्या फोनवर. आबा त्या फोनला हात लावत नसत. वाजला की उठून अंगणात जात. आता त्याच्या कराराची मुदत संपत आली होती. पुढच्या करारावर सही केली की आणखी काही वर्षं तो तिकडेच. काकूंना त्यानं सांगितलं होतं, आबा एकदा माझ्याशी समोरासमोर बोलू देत, ये म्हणू देत, मी सही करत नाही. नाही बोलले तर मी आपला इकडेच बरा. रविवारी सकाळी संगणकावरून लावतो. हे काकूंनी भीत भीत आबांना सांगितलं. आबा काही बोलले नाहीत, आणि पुढच्याच आठवड्यात ब्रॉडबँडचा अर्ज करून आले.

"म्या काय समजायचं तूच सांग," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या.

मी माझ्या संगणकावरून आबांचं खातं उघडून मुलाचं नाव त्यात जोडून दिलं, मग त्यांच्या संगणकावर प्रोग्राम टाकला, आबांना निळं चित्र दाखवलं. ह्यावर दाबलं की उघडतं. आबांनी मान डोलावली आणि मला विचारलं, "तू जेवलीस का?" ह्याचा त्या विषयाशी काय संबंध, कोण जाणे.

रविवार आला. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, माजघराचं दार आतून लावून घेतलं. कुणी आत यायचं नाही, काकूंनीसुद्धा नाही. काकू उंबऱ्यापाशी भाजी निवडत बसल्या. जेवणवेळ टळली तेव्हा आबा बाहेर आले, टोपी खुंटीला अडकवली, आणि म्हणाले, "न्हाई आला."

पुढचा रविवार तसाच. त्याच्या पुढचाही. मधल्या वारी मुलाचा काकूंना फोन आला, की आई, मी दर रविवारी लावतोय, आबांचं यंत्र बंदच दिसतंय. बोलायचं नसेल तर तसं सांगा, मला का झुलवत ठेवलंय? काकूंनी हे आबांना सांगितलं तर ते उसळले. "बंद? सकाळधरनं म्होरं बसलोय! निळं चित्र गरागरा फिरतंय. त्यालाच यायाचं न्हाई आन मला खोटं पाडतोय!"

दोघंही शपथेवर सांगत होते आणि दोघंही खरं बोलत असावेत असं वाटत होतं. काकू त्या दोघांच्या मधे. मुलाला सही करायची तारीख तोंडावर आली होती आणि त्याच्या लेखी बापानं पुन्हा एकदा दार लावून घेतलं होतं. शेवटी काकू जिना चढून माझ्याकडे आल्या. त्या कधी वर येत नसत. "बार्शी," त्या म्हणाल्या, त्यासुद्धा मला तेच म्हणायच्या, "माजं पोर जातंय गं. येऊन बघ काय झालंय त्या खोक्याला."

रविवारच होता. मी गेले, दार ठोठावलं. आबांनी मला आत घेतलं, हेही नवलच. निळं चित्र खरंच गरगरत होतं, नुसतंच. मी वायर पाहिली, राउटरची पेटी उघडायला लावली, दिवे सगळे ठीक. माझ्या खोलीत इंटरनेट चालू होतं. मला काही केल्या उलगडेना. मग मी आबांच्या फायरवॉलची यादी उघडली. अडवलेल्यांमध्ये पहिल्याच ओळीत तो निळ्या चित्राचा प्रोग्राम. शेजारी खूण. कायमचा.

"आबा, ह्याला तुम्ही अडवलंय?"

"व्हय."

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. काकूही दारात येऊन उभ्या होत्या.

"पैल्या रविवारी लाल चौकट आली," आबा म्हणाले. "तूच सांगितलं व्हतंस, घरातलं कोनतरी भाईर जायाचं म्हनतंय. म्या म्हनलं, आमच्या हितनं कुनी भाईर जायाचं कारन काय? येनारा तिकडनं येनार हाय. त्यानं यावं. मी बसलोय की हितं."

"आबा, तसं नसतं ते!" मी जवळजवळ ओरडलेच. आणि मग मला समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मलाही ते पहिल्यांदाच नीट कळत गेलं. राउटर बाहेरच्या कुणालाही आपण होऊन आत सोडत नाही. आतून कुणीतरी आधी बाहेर जावं लागतं, हाक मारावी लागते. मग त्या हाकेला ओ देत जो येतो, त्यालाच राउटर वाट देतो. आपलं निळं चित्र बाहेर गेलंच नाही तर सिंगापूरहून तो कितीही वेळा येऊ दे, तो शिवेवरूनच परत जाणार. तिकडे त्याला आपलं घर बंद दिसणार आणि इकडे आपल्याला वाटणार की तो आलाच नाही.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हंजी आदी आपुन जायाचं."

"हो."

"थोरल्या मानसानं."

"यंत्राला थोरला-धाकटा कळत नाही, आबा."

"कुनी घातला ह्यो नेम?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात काकू बोलल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "येनाऱ्या-जानाऱ्या समद्यास्नी इचारता. ह्या पोरींस्नी इचारता, त्या खोक्यातल्या भुतास्नी इचारता. ज्याला इचारायचं त्याला सोडून समद्यास्नी इचारलं. आता तरी द्या की सोडून त्या निळ्याला!"

त्या निळ्या चित्राला आबांनी ओळखलं नव्हतं का? मीच त्यांना दाखवलं होतं, बोट धरून. त्यांना बाकी सगळी चित्रं ओळखू येत होती. मग ते नकळत झालं, का बोट उजव्या बटणाकडे जाताना त्यांना सगळं माहीत होतं? आणि माहीत होतं तर पुढचे सगळे रविवार इस्त्रीचा सदरा घालून ते कशाची वाट बघत बसले? ह्या प्रश्नावर मी तेव्हापासून किती डोकेफोड केली आहे! एकदा वाटतं मुद्दाम, एकदा वाटतं छे. कदाचित त्यांचं त्यांनाही माहीत नसेल.

आबांनी माउस हातात घेतला. यादीतली खूण काढली, 'जा' म्हणाले. निळं चित्र गरगरायचं थांबलं आणि मुलाच्या नावाशेजारी हिरवा ठिपका उमटला. तो होता. तिथेच होता. पण त्या दिवशी तो लावत नव्हता, इतक्या वेळा परत गेल्यावर कोण लावेल? आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे बघत उभे. काकू पुटपुटल्या, "लावा." मी नुसतं बटणाकडे बोट दाखवलं.

आबांनी ते बटण दाबलं.

घंटी वाजत राहिली, आणि मग एकदम तो दिसला. काळवंडलेला, पिवळ्या बनियनमध्ये, चित्र तुकड्यातुकड्यांनी हलत होतं. काकूंनी "बाळा" म्हटलं आणि पदर तोंडात कोंबला. मुलगा बघतच राहिला. त्याला बहुधा वाटलं असणार, आई लावते आहे. बापाला बघून तो सावरून बसला. मला तिथून निघायला हवं होतं, पण दाराशी काकू होत्या आणि मला हलता येईना.

"खालच्या रानाला गिऱ्हाईक आलंय," आबा म्हणाले. घसा खाकरला. "इकू का नगं? तू सांग."

मुलाचे ओठ हलले. पण आवाज आला नाही, चित्र जागच्या जागी थिजलं, आणि मग पडदा निळा झाला. लाईन गेली. पावसाळ्यात ती अशी वारंवार जायची.

त्यानं ऐकलं का? मी पुन्हा लावायला धावले. आबांनी मला थांबवलं. "इचारलंय. आता त्याला इचार करू दे." आणि जाऊन हातपाय धुतले, जेवले, फाटकाशी जाऊन बसले. काकू मात्र दिवसभर मला येऊन विचारत होत्या, ऐकलं असंल का गं? तुला काय वाटतं? तुज्या त्या यंत्रात कळत न्हाई का? मला काय वाटणार? मी हो म्हटलं की मला वाटायचं नाही, आणि नाही म्हणायला जीभ उचलायची नाही. ते दिवस मला अजून आठवतात, सगळं घर कान लावून बसलेलं, आणि आबा नेहमीसारखे हरभरे खाताहेत.

त्याच आठवड्यात मी ऑफिसला निघाले होते. जिना उतरून फाटकापाशी आले, आबांनी कुठं म्हणून विचारायला तोंड उघडलं, आणि घरातला फोन वाजू लागला. काकू परसात धुणं धूत होत्या. मला वाटलं आबा आता नेहमीसारखे तोंड फिरवतील. ते उठले. चपला न काढता तसेच घरात गेले. मी दारापर्यंत मागोमाग गेले, कारण कडी लागलेलीच होती आणि मला जाता येत नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "नगं? बरं. न्हाई इकत." पुन्हा ऐकलं. "बरं." आणि फोन अलगद ठेवून दिला.

काकू ओले हात तसेच घेऊन धावत आल्या. "कुनाचा व्हता? कोन व्हतं?"

"रानाचा मालक," आबा म्हणाले. "भात लावायच्या आत येतो म्हनतोय."